मालदीवचं ‘ऑल इन्क्लुझिव्ह’ घेताना सीप्लेनचं आधी विचारा

मालदीवच्या रिसॉर्टचं ‘ऑल इन्क्लुझिव्ह’ म्हणजे खाणंपिणं त्यांच्याकडे, हे खरं. पण मालेच्या विमानतळापासून बेटापर्यंतचा प्रवास बऱ्याचदा त्यात नसतो. लांबच्या बेटावर सीप्लेननेच, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानानेच जायचं, तर जाऊन-येऊन माणशी काही शे डॉलर सहज जातात. त्यात सीप्लेन फक्त उजेडात उडतं. तुमचं विमान दुपारी साडेतीन-चारनंतर उतरणार असेल, तर ती रात्र बहुधा माले किंवा विमानतळाशेजारच्या हुलहुमाले बेटावरच्या हॉटेलात स्वखर्चाने काढायची, आणि तिकडे रिसॉर्टच्या पहिल्या रात्रीचे पैसे भरून बसलेले! म्हणून तिकीट काढण्याआधी रिसॉर्टला मेल टाकून ट्रान्सफरचं, म्हणजे विमानतळ ते बेट ने-आणीचं भाडं आणि शेवटच्या सीप्लेनची वेळ लेखी मागवा. सामानाची मर्यादाही विचारा, ती साधारण २० किलो असते. मी तर म्हणेन, चारच दिवस जायचं असेल तर स्पीडबोटीने गाठता येणारं जवळचं बेटच धरा.

दाखवलेल्या भावात कर धरलेत का, तेही त्याच मेलमध्ये येऊ द्या. रिसॉर्टमध्ये नुसता ग्रीन टॅक्सच (पर्यटकांवरचा पर्यावरण कर) माणशी रोज १२ डॉलर आहे. आणि ड्युटी-फ्रीची दारूची बाटली नेऊ नका, कस्टमवाले ती विमानतळावरच ठेवून घेतात.