पेटंटचं साल आणि माझं दीड वर्ष

आर्थिक इतिहासात पीएचडीला नुकतंच रजिस्ट्रेशन केलेल्यांसाठी लिहितेय, त्यातही ज्यांचा टॉपिक विज्ञान, तंत्रज्ञान आणि विकास यांच्या नात्याचा आहे त्यांच्यासाठी. सोलोचं आर्थिक वाढीचं मॉडेल, औद्योगिक क्रांतीची कारणं वगैरे तुम्ही एमएला घासलेलं असणार, ते परत सांगत नाही. मला एकच खड्डा दाखवायचाय, कारण त्यात मी दीड वर्ष होते आणि अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

मी एक मोठा तक्ता केला होता. डावीकडे वैज्ञानिक शोध, मधे यंत्र, उजवीकडे उत्पन्नवाढ. आधी विज्ञान, मग तंत्रज्ञान, मग पैसा, सगळे बाण एकाच दिशेने. इतकं सरळ वाटत होतं की तपासावं असं मनातच आलं नाही. आणि प्रत्येक यंत्रापुढे एकच साल, पेटंटचं. जेम्स वॉटच्या सुधारलेल्या वाफेच्या इंजिनापुढे 1769.

आधी बाण कोसळला. वॉटच्या आधीचं, न्यूकमेनचं वाफेचं इंजिन 1712 ला इंग्लंडमधल्या डडलीजवळच्या खाणीतून पाणी उपसत होतं, आणि उष्णतेतून काम किती मिळू शकतं याचा सिद्धांत फ्रेंच इंजिनिअर कार्नोने मांडला 1824 ला. मग मी चिडून दुसऱ्या टोकाला गेले, अख्खा चॅप्टर लिहिला की विज्ञानाचा संबंधच नव्हता, सगळी कारागिरांची करामत. तेही चूक. न्यूकमेनच्या इंजिनात पिस्टन खाली दाबते ती बाहेरची हवा, आणि हवेच्या दाबाची समज इटालियन शास्त्रज्ञ टोरिचेलीच्या 1640 च्या दशकातल्या कामापासून युरोपात पसरत होती. तो चॅप्टर फेकावा लागला.

पण खरा खड्डा सालाचा, तो नीट ऐका. 1769 ला वॉटकडे पेटंट होतं, विकता येईल असं इंजिन नव्हतं. हे मला गाईडनी नाही, मामांनी दाखवलं. ते गिरणीत फिटर होते. मी वॉटच्या इंजिनाचं चित्र पुढे केलं तर पहिला प्रश्न, "अगं, एवढा मोठा सिलिंडर आतून गोल करून दिला कोणी? नाहीतर वाफ बाजूने निघून जाणार की." नेमकं तेच होत होतं! वॉटचं सुरुवातीचं इंजिन गळत होतं. 1774 ला विल्किन्सन या इंग्लिश लोखंड कारखानदाराने तोफांची नळी कोरायचं यंत्र सुधारलं, त्याच पद्धतीवर सिलिंडर अचूक कोरता यायला लागले, आणि 1776 ला वॉट आणि त्याचा भागीदार बोल्टन यांची पहिली इंजिनं धंद्यात चालू झाली. तीही पंपच. चाक फिरवायची सोय पेटंट झाली 1781 ला. आणि 1800 लासुद्धा ब्रिटनमधे वाफेपेक्षा पाण्याच्या चाकांची ताकद जास्त होती. मग 1769 पासून उत्पन्नवाढ मोजून मी नक्की काय मोजत होते?

म्हणून प्रत्येक यंत्राची चार सालं लिहा: पेटंट कधी, पहिलं विकलं कधी, स्वस्त कधी झालं, बहुतेकांच्या हातात कधी आलं. आणि बाजूला इंधनाचा भाव. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या धातूच्या खाणींवर कोळसा महाग, म्हणून वॉटचं इंजिन तिथे खपलं, खाणवाल्यांनी फी म्हणून जुन्या इंजिनाच्या तुलनेत वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा तिसरा हिस्सा द्यायचा. कोळशाच्या खाणींवर कोळसा जवळजवळ फुकट, तिथे जुनं न्यूकमेन पुढेही कितीतरी वर्षं चालत राहिलं.

विजेचंही तसंच. एडिसनचं न्यूयॉर्कमधलं पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र 1882 चं, पण अमेरिकन कारखान्यांना मोठा फायदा दिसला 1920 च्या दशकात, लाइन शाफ्ट (सगळी मशीनं एकत्र फिरवणारा लांब दांडा) आणि पट्टे काढून प्रत्येक मशीनला स्वतःची मोटर बसल्यावर. निळीच्या बाबतीत मात्र विज्ञान खरंच पुढे होतं, जर्मन रसायनशास्त्रज्ञ बायरने प्रयोगशाळेत नीळ बनवली 1880 ला, तरी बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीची नीळ बाजारात यायला 1897 उजाडलं, आणि मग बिहारचा निळीच्या शेतीचा धंदा बसला.

शॉर्टकटबद्दल स्पष्ट सांगते. रेडिमेड डेटा उतरवून संशोधनावरचा खर्च आणि जीडीपी यांचं रिग्रेशन (आकड्यांमधला संबंध मोजायचं गणित) मारू नका. पेपर होतो, विषय कळत नाही. आणि गाईड निवडताना नाव बघू नका, तुमचा ड्राफ्ट शेवटपर्यंत वाचणारा माणूस बघा. माझे गाईड मोठे होते, त्यांनी तक्ता पाहिला आणि "छान" म्हणाले.

घाबरू मात्र नका. दीड वर्ष गेलं तरी माझं वाचन वाया गेलं नाही, तेच पुरावे नव्या तक्त्यात बसले. त्यात आता उलटे बाणही आहेत, कारण कार्नोने विचार सुरू केला तोच चालू इंजिनांवरून.

सिनॉप्सिस द्यायच्या आधी एकच यंत्र घ्या आणि त्याची चार सालं शोधा. दोन-तीन आठवडे जातील, जाऊ द्या. तिसरं साल सापडलं नाही तर रकाना रिकामा ठेवा, तिथे पेटंटचं साल टाकू नका.