ज्वालामुखीची राख अभ्यासताना या चुका टाळा

हिला राख म्हणतात, इथूनच फसगत सुरू होते. चुलीतली राख म्हणजे जळून उरलेलं. इथे काहीच जळलेलं नसतं. काच, स्फटिक आणि दगडाचा चुरा, तोही दोन मिलिमीटरपेक्षा बारीक, एवढीच ही राख. भांडी घासायला घेतलीत तर कल्हई जाईलच, बोटंही सोलवटतील. शिलारस वर चढताना त्याच्यावरचा दाब उतरतो, आत मुरलेली वाफ बुडबुडे होऊन सुटते, फेस फुगत जाऊन फाटतो आणि बुडबुड्यांच्या भिंतींचे तुकडे हवेत उडतात. मायक्रोस्कोपखाली फुटक्या बांगड्यांसारखे वाकडे काचतुकडे दिसतात ते हेच. उद्रेक कसा झाला हे त्यांच्यावरून वाचता येतं, पण बहुतेक घोळ मायक्रोस्कोपपर्यंत पोचायच्या आधीच झालेले असतात.

पाऊस पडून गेल्यावर नमुना घेणे

ताज्या राखेच्या कणांवर सल्फेट, क्लोराइड आणि फ्लोराइडच्या क्षारांचं पातळ पुट असतं. उद्रेकातले वायू आणि आम्लाचे थेंब त्या कणांवर बसलेले असतात. एक सर आली की हे सगळं धुऊन जातं. मग प्रयोगशाळेत फ्लोराइड कमी निघतं आणि आपण खुशाल ‘गुरांना धोका नाही’ असं लिहून मोकळे होतो. आइसलँडमध्ये 1783च्या लाकी उद्रेकानंतर निम्म्याहून अधिक जनावरं दगावली, त्यात फ्लोरिनच्या विषबाधेचा मोठा वाटा होता. म्हणून पाऊस यायच्या आत, स्वच्छ कोरड्या ट्रेमध्ये पडलेली राख घ्या. ट्रेची लांबी-रुंदी आणि तो कधी ठेवला, कधी उचलला हे पिशवीवरच लिहा. क्षेत्रफळ माहीत नसेल तर दर चौरस मीटरला किती राख पडली हे काढता येत नाही, आणि उद्रेक केवढा होता याचा हिशेब तिथेच अडतो. भिंतीच्या कोपऱ्यात वाऱ्याने साठलेला ढीग सोयीचा दिसतो. त्याला हात लावू नका.

गुठळ्या खलात घासणे

ही चूक मी स्वतः केली आहे. नमुन्यात ज्वारीएवढ्या गोळ्या होत्या, त्या मी खलबत्त्यात हलक्या हाताने मोडल्या. हलक्या हाताने असं आपलं मला वाटत होतं. पाणी भेटलं की शिलारस फार बारीक फुटतो. चाळणीतून उतरलेला माल अपेक्षेपेक्षा फारच बारीक निघाला आणि ‘शिलारसाला पाणी भेटलं असणार’ असा निष्कर्ष मी वहीत लिहूनही टाकला. शिलारसाला पाणी भेटलंच नव्हतं, काचेचे तुकडे मीच मोडले होते. त्यात त्या गोळ्या हाच राखेच्या ढगाबद्दलचा पुरावा होता: ओलसर ढगात राखेचे कण एकमेकांना चिकटले की अशा गोळ्या होतात. आधी त्यांचा फोटो काढा, दोन-चार तशाच जपून ठेवा, बाकीच्या पाण्यात भिजवून सुट्या करा. क्षारांसाठीचा भाग त्याआधीच वेगळा काढलेला हवा.

काच दिसली की ‘शिलारस आला’ म्हणणे

सगळ्यात महाग पडलेली चूक हीच. 1976 साली कॅरिबियनमधल्या ग्वादलूप या फ्रेंच बेटावर ला सूफ्रिएर हा ज्वालामुखी राख ओकू लागला. राखेत ताजी काच सापडल्याचं सांगितलं गेलं. ताजी काच म्हणजे नवा शिलारस वर येतो आहे, म्हणजे मोठा स्फोट जवळ आला. ऑगस्टमध्ये सत्तर हजारांहून अधिक लोकांना घरं सोडावी लागली, तीही कित्येक महिन्यांसाठी. हरून ताझिएफ आणि क्लोद आलेग्र या शास्त्रज्ञांची त्यावरची जुंपलेली भांडणं फ्रान्सभर गाजली. शेवटी शिलारस आलाच नाही. वाफेने जुना दगड फोडून उडवला होता आणि ती काचही नवी नव्हती.

आता याच्या उलट बाजू. अमेरिकेतल्या सेंट हेलेन्स ज्वालामुखीने 27 मार्च 1980 रोजी पहिली राख उडवली. राखेत सगळा जुनाच दगड आहे, असं तेव्हा मानलं गेलं. डोंगराची उत्तरेकडची कूस मात्र रोज दीड-दोन मीटर फुगत होती आणि 18 मे रोजी ती कोसळून फुटली. 57 माणसं गेली. जपून ठेवलेली ती सुरुवातीची राख पुढे पुन्हा तपासली गेली, आणि 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिच्यात नव्या शिलारसाचे कण होतेच.

तेव्हा काच आहे की नाही एवढ्यावर थांबू नका. मायक्रोस्कोपमध्ये एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवकांमधून काच काळी दिसते हे खरं, पण ओपल हे खनिजही काळंच दिसतं. कडा लख्ख आहेत का, पृष्ठभागावर माती किंवा गंधकाचं पुट आहे का, काचेत बारीक स्फटिकांची गर्दी किती, हे बघा. शिलारस रेंगाळत वर आला असेल तर असे स्फटिक वाढायला वेळ मिळतो. झपाट्याने आला तर काच बरीचशी नितळ राहते. एका दिवसाचा नमुना पुरत नाही, रोजचे नमुने शेजारी ठेवून ताज्या कणांचं प्रमाण चढतंय का ते मोजा.

ठोकळे दिसले की पाण्याला दोष देणे

कोनदार, बुडबुडे नसलेले कण म्हणजे पाणी शिरलं, असं घोकून ठेवलेलं असतं. जपानमधल्या साकुराजिमा ज्वालामुखीसारख्या ठिकाणी मुखाशी घट्ट झालेला शिलारस बुचासारखा बसतो आणि दाबाने फुटतो. त्याचेही ठोकळेच होतात. निव्वळ आकारावर पैज लावू नका.

मायक्रोप्रोबवर (इलेक्ट्रॉनांचा झोत टाकून कणात कोणती मूलद्रव्यं किती ते मोजणारं यंत्र) सोडियम कमी येत असेल तर उद्रेकाचा सिद्धांत मांडण्याआधी झोत तपासा. फार बारीक झोताखाली काचेतलं सोडियम सरकून जातं. झोत पाच-दहा मायक्रॉन रुंद करा, सोडियम सगळ्यात आधी मोजा.

नदीकाठचा थर आकाशातून पडला असं धरणे

हे आपल्या दाराशीच घडलं आहे. पुणे जिल्ह्यात कुकडीकाठी बोरीला काळ्या बेसॉल्टच्या मुलखात फिकट राखेचा थर आहे. राख इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची, तीन हजार किलोमीटरवरून आलेली. तिचं वय कोणी 14 लाख वर्षं काढलं, कोणी 6.7 लाख, तर कोणी तिला टोबाच्या 74 हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाशी जोडलं. त्याच गाळात दगडी हत्यारं सापडल्यामुळे वाद साधा राहिला नाही. उतारांवर पडलेली राख पाणी वाहून आणतं आणि खळग्यात साठवतं, त्यामुळे थराच्या जाडीवरून स्फोटाचा जोर काढता येत नाही. शिवाय वाहताना दख्खनच्या बेसॉल्टचे कण त्यात मिसळतात. ते कोट्यवधी वर्षांचे. पोटॅशियमपासून किती आर्गन तयार झाला ते मोजून, म्हणजे पोटॅशियम-आर्गन पद्धतीने, वय काढताना त्यातले मूठभर जरी नमुन्यात राहिले तरी वय भलतंच फुगतं. थरात तिरप्या रेघा, वाळूच्या पट्ट्या दिसतात का ते आधी खुरप्याने साफ करून पाहा. नमुना तळाच्या, सगळ्यात स्वच्छ बोटभर पट्टीतून घ्या आणि काळा कण न् कण मायक्रोस्कोपखाली चिमट्याने वेचून काढा. दुपार जाते त्यात.