'पाच मिनिटं ठाण्यात येऊन जा' असा फोन आला तर

मराठवाड्यात अत्याचाराच्या केसेसमध्ये मी कुटुंबांसोबत ठाण्यात आणि कोर्टात जाते. या कामात उलटा गुन्हा (तक्रार करणाऱ्यावरच केस), चॅप्टर केस (शांतता राखण्याचं हमीपत्र लिहून घेण्याची कारवाई), तडीपारीची नोटीस हे सगळं येतंच. मंत्र्याचा दौरा असला की आदल्या रात्री १४९ ची नोटीस, म्हणजे गुन्हा करू नका अशी पोलिसांची आगाऊ ताकीद, दारात. नव्या कायद्यात ते कलम आता १६८ झालंय, पण ठाण्यात अजून १४९ च म्हणतात. नव्या पोरापोरींनी हे वाचून घरच्यांनाही वाचून दाखवावं, कारण ऐनवेळी धावपळ त्यांनाच करायची असते.

फोन आला तर नाव, हुद्दा, ठाणं आणि वेळ लिहून घ्या. मग शांतपणे म्हणा, "साहेब, लेखी नोटीस द्या, मी येते." तोंडी बोलावण्यावर एकट्याने जाऊ नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम ३५ ची, म्हणजे चौकशीला हजर राहण्याची, नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. पण म्हणून ती दुर्लक्षून बसू नका, वकिलामार्फत उत्तर द्या. रीतसर नोटीस आली की जायचंच, नाहीतर न येणं हेच अटकेचं कारण होतं. साक्षीदार म्हणून बोलावलं असेल तर बाई, साठीच्या पुढचा माणूस किंवा आजारी माणूस यांचा जबाब घरी येऊन घ्यावा लागतो (कलम १७९). पोलिसांनी लिहिलेल्या जबाबावर सही करायची नसते. कोऱ्या कागदावर तर कधीच नाही.

झडतीचं नीट समजून घ्या, सगळ्यात मोठं नुकसान तिथे होतं. भीमा कोरेगाव प्रकरणात एप्रिल २०१८ मध्ये कार्यकर्ते रोना विल्सन यांचा लॅपटॉप जप्त झाला. त्यात बाहेरून फायली घुसवल्या होत्या, असं अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या डिजिटल तपासणी कंपनीने २०२१ मध्ये तपासून सांगितलं. तोवर अटक झालेली माणसं अडीच वर्षांहून जास्त तुरुंगात होती. म्हणून लॅपटॉप, मोबाईल, पेनड्राइव्ह जे नेतील त्याची हॅश व्हॅल्यू (आतल्या फायली बदलल्या की बदलणारा आकडा, डिजिटल ठसाच) जागेवर काढून पंचनाम्यात लिहा, असं म्हणा. नकार दिला तर "मागितली, दिली नाही" एवढं तरी पंचनाम्यात यायला हवं. तेही लिहीनात तर त्याच दिवशी वकिलामार्फत मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करा. प्रत्येक वस्तू तुमच्यासमोर सील व्हावी. पंच शक्यतो त्याच भागातले हवेत, पोलिसांनी गाडीतून सोबत आणलेले नकोत. झडतीचं व्हिडिओ चित्रीकरण आता कलम १०५ प्रमाणे बंधनकारक आहे. पंचनाम्याची प्रत घेतल्याशिवाय त्यांना दारातून जाऊ देऊ नका, पण अंगावर धावून जाऊ नका. सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा तयारच असतो. पासवर्ड मागितला तर "वकिलांशी बोलून सांगते" एवढंच.

अटक झाली तर कारणं लेखी मागा. यूएपीए (दहशतवादविरोधी कायदा) लावला असला तरी ती लेखी द्यावीच लागतात, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ च्या प्रबीर पुरकायस्थ निकालात ठरलं आहे. घरच्यांना कळवणं, चौकशीत वकिलाला भेटणं, वैद्यकीय तपासणी हे तुमचे हक्क आहेत. सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर महिला अधिकारी हवी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते. वकील परवडत नसेल तर १५१०० या मोफत कायदेशीर मदतीच्या नंबरवर फोन करा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

डॉक्टरांसमोर पोलीस उभा असला तरी मार लागलेली प्रत्येक जागा दाखवा. चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं की तिथे मोठ्याने सांगा: कोणी, कुठे, कशाने मारलं. "नोंद घ्या" म्हणा. परभणीचा सोमनाथ सूर्यवंशी, कायद्याचा विद्यार्थी, १५ डिसेंबर २०२४ ला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे शॉक असं आलं. आणि विधिमंडळात सरकार काय म्हणालं, तर त्याने मॅजिस्ट्रेटसमोर मारहाणीची तक्रार केली नव्हती. ज्या पोलिसांच्या ताब्यात परत जायचंय त्यांच्यादेखत तोंड उघडणं किती अवघड, हे मी कोर्टात मुलांच्या चेहऱ्यावर पाहिलंय. म्हणून वकिलाला आधीच सांगून ठेवा, तुम्ही गप्प राहिलात तर त्याने बोलायचं.

बाहेरच्यांनी त्याच दिवशी दोन कामं करायची. पोलीस अधीक्षकांना ईमेल, त्यात ताब्यात घेतल्याची वेळ. आणि ठाण्याचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा असा लेखी अर्ज, तारीख-वेळेसह, पोच घेऊन. सर्वोच्च न्यायालयाच्या परमवीर सिंग सैनी निकालाने (२०२०) कोठडीसह सगळ्या ठाण्यांत कॅमेरे आणि किमान वर्षभराचं फुटेज बंधनकारक केलंय, तरी "कॅमेरा बंद होता" हे उत्तर ठरलेलं. अर्ज वेळेवर गेला असेल तर ते उत्तर कोर्टात टिकवणं त्यांना जड जातं. मानवी हक्क आयोगाकडे तक्रार घटनेपासून एका वर्षाच्या आत गेली पाहिजे, राज्य किंवा राष्ट्रीय यांपैकी एकाच आयोगाकडे. मराठीत लिहिली तरी चालते.