डिओजेन आला तर कपाटात लपू नका

फास्मोफोबिया म्हणजे भुताच्या घरात शिरून ते कुठल्या प्रकारचं भूत आहे हे ओळखायचा व्हिडिओ गेम. तो शिकवताना प्रत्येकजण नवख्याला एकच गोष्ट सांगतो, टॉर्च फडफडायला लागला की समजायचं हंट, म्हणजे भूत तुम्हाला मारायला निघतं ती वेळ, सुरू झाला, हातातलं सगळं बंद कर, कपाटात घुस आणि तोंडातून आवाज काढू नको. बहुतेक भुतांना हे चालतं. डिओजेन नावाच्या भुताला अजिबात चालत नाही, आणि आम्ही हे अर्थातच मरून शिकलो.

गेममधलं टँगलवूडचं घर होतं, अगदी छोटं, सगळ्यांना पाठ असलेलं. मी आणि मित्र दोघंच. हंट सुरू झाला, दोघं एकाच कपाटात, माईक म्यूट, आणि मी तर खरोखरचा श्वास रोखून बसलेलो, जसं काही भुताला माझ्या खोलीतलं ऐकू येणारे. पावलं धाडधाड धाडधाड पळत आली, इतकी जोरात की वाटलं पुढे निघून जाईल, आणि आमच्या दाराशी आल्यावर एकदम सावकाश झाली. धप. मग बऱ्याच वेळाने परत धप. मित्र म्हणतो "गेलं वाटतं रे". कुठलं गेलं, कपाट उघडलं आणि मी असा ओरडलो की आई स्वयंपाकघरातून बघायला आली.

ती पावलं म्हणजेच सगळी गंमत आहे, म्हणून आधी ती समजून घ्या. साधारण भूत हंटमध्ये सेकंदाला १.७ मीटरने चालतं, तुम्ही दिसलात की हळूहळू वेग वाढवतं, आणि तुम्ही कुठे आहात हे त्याला बघून, तुमच्या आवाजावरून किंवा हातातल्या चालू वस्तूवरून कळतं. डिओजेनला यातलं काही लागत नाही. हंट चालू असेपर्यंत तुम्ही कुठे आहात ते त्याला माहितीच असतं, नावसुद्धा डचमधल्या 'डोळे' या शब्दाचं आहे. तुम्ही सहा मीटरच्या पलीकडे असाल तर तो ३ मीटरने पळत येतो, म्हणजे तुम्ही जीव खाऊन पळता तेवढ्याच वेगाने, फक्त तुमचा दम तीनेक सेकंदात संपतो आणि त्याचा संपत नाही. पण जवळ आला की त्याचा वेग उतरत जातो, आणि साधारण अडीच मीटरच्या आत फक्त ०.४ वर येतो. तुमचं साधं चालणं १.६ आहे. म्हणजे तुम्ही चार पावलं टाकाल तेव्हा तो एक टाकणार!

आता लक्षात आलं ना? लांब पळालात तर तो फास्ट, जवळ राहिलात तर तो लंगडा. पळून जाणं हीच चूक आहे.

मग करायचं काय, तर ज्याच्याभोवती गोल फिरता येईल अशी एक वस्तू शोधायची. डायनिंग टेबल बेस्ट, नाहीतर सोफा, मोठा पलंग भिंतीपासून सुटा असेल तर तोही. हे हंट सुरू झाल्यावर शोधायचं नसतं बरं का, घरात शिरल्या शिरल्या बघून ठेवायचं, आणि एकदा रिकामी फेरी मारून घ्यायची, कारण अंधारात खुर्चीला अडकलात तर संपलं. डिओजेनचा संशय असेल तर सॅनिटी, म्हणजे खेळाडूंच्या मनाची स्थिरता, पन्नासच्या खाली यायला लागली की मी भुताच्या खोलीत रेंगाळत नाही, टेबलापाशीच काम काढतो.

हंट सुरू झाला की टेबलाशी जा आणि थांबा. हो, थांबा, त्याला येऊ द्या. हा भाग मनाला पटत नाही, पहिल्या दोनतीन वेळा पाय आपोआप दुसऱ्या खोलीकडे वळतात. तो धावत येईल, दिसेल, आणि जवळ येता येता मंद होईल. मग टेबलाच्या पलीकडून चालायला लागा, चालायचं, पळायचं नाही, पळालात तर अंतर वाढतं आणि अंतर वाढलं की त्याचा वेग वाढतो. टेबलापुरतं अंतर ठेवा, दोन अडीच मीटर. तो डावीकडून येत असेल तर तुम्हीपण त्याच दिशेने गोल, आणि तोंड त्याच्याकडेच ठेवा, पाठ केली की माणूस घाबरून पळतोच. हंटमध्ये भूत मधेमधे दिसेनासं होतं, तेव्हा गडबडू नका, पावलांचा आवाज ऐका, तो वेग सांगतो. धप... धप... असं चाललंय तर सगळं ठीक. धाडधाड झालं की समजा तुम्ही जास्त लांब गेलात.

हे किती वेळ करायचं ते डिफिकल्टीवर आहे. छोट्या घरात अमॅच्युअरला हंट साधारण १५ सेकंद, इंटरमिजिएटला २०, प्रोफेशनलला ३०. तीस सेकंद ऐकायला काही नाही, टेबलाभोवती भुताबरोबर फिरताना बघा मग. शापित वस्तूने ओढवून घेतलेला हंट याहून लांबतो, म्हणून टॅरोचे पत्ते वगैरे खेळायची हौस असेल तर टेबलाशेजारी उभं राहून खेळा.

बाथरूम, स्टोअररूम, एकच दार असलेली कुठलीही खोली, तिथे मात्र चुकूनही जाऊ नका. तो हळू आहे पण थांबत नाही, दारात उभा राहिला की तुम्हाला बाहेर यायला जागाच उरत नाही. पुढचं दार तर हंटमध्ये कुलूपबंदच असतं, त्याच्याशी झटापट करत मेलेले लोक मी पाहिलेत (मी पण त्यात आहे). आणि चार जण खेळत असाल तर चौघांनी एकाच टेबलाला चिकटू नका, एक जण वाटेत उभा राहतो आणि मागचा मरतो, त्यावरून मग अर्धा तास भांडण.

पण हे सगळं करायच्या आधी तो डिओजेनच आहे याची खात्री पाहिजे, कारण रेव्हनंट नावाचं भूत बरोबर उलटं आहे. त्याला तुम्ही दिसला नाहीत तर तो सेकंदाला एक मीटरने रखडत फिरतो, आणि दिसलात की ३ ने अंगावर येतो. त्याच्यापुढे टेबलाभोवती शहाणपणा करायला गेलात तर पहिल्या वळणावरच खेळ खलास. त्याच्यापासून लपायचंच. पावलं लांबून जोरात येऊन जवळ मंदावली तर डिओजेन, मंद चालणारं एकदम सुसाट सुटलं तर रेव्हनंट.

भूत ओळखायचं ते पुराव्यांवरून. डिओजेनचे पुरावे तीन, स्पिरिट बॉक्स म्हणजे भुताला प्रश्न विचारायचा रेडिओ, वहीत भुताने केलेलं लिखाण आणि डॉट्स, म्हणजे ते हिरवे ठिपके, ज्यातून एक आकृती सर्रकन जाते. बॉक्स आणि वही मिळाली तर अजून स्पिरिट, पोल्टरगाइस्ट, मेअर, मोरोई ही भुतं पण शर्यतीत असतात, त्यामुळे तिसऱ्यासाठी डॉट्स लवकर लावा आणि खोली अंधारी ठेवा. नाईटमेअर, इन्सॅनिटी या वरच्या डिफिकल्टींना पुरावे लपवले जातात, पण डिओजेन स्पिरिट बॉक्स लपवत नाही. हे फार कामाचं आहे. इन्सॅनिटीला जो एकच पुरावा मिळतो तो गोठणारी थंडी निघाला तर डिओजेन विसरा. सॅनिटीचंही तसंच, बाकीची बरीच भुतं सरासरी ५० ला हंट करू शकतात, हा ४० ला. शापित वस्तूला हात न लावता ४८ वर हंट झाला तर हा तो नव्हे.

आणि सगळ्यात पक्की खूण बॉक्सचीच. भुताच्या अगदी जवळ, मीटरभरात बॉक्स धरून प्रश्न विचारलात तर कधीकधी शब्दांऐवजी जड श्वास ऐकू येतो, बैल फुरफुरल्यासारखा. दर वेळी येत नाही, म्हणून दोनदा विचारून सोडून देऊ नका, लाईट बंद करून आठदहा वेळा विचारा. इंग्रजीत विचारा हो, आमच्या मित्राने "आहेस का रे बाबा" म्हणून दहा मिनिटं घालवलीत.

तो श्वास आला की जर्नलमध्ये खूण करा आणि बाहेरच्या व्हॅनकडे सुटा. घरात कुठेतरी पडलेलं जास्तीच्या बक्षिसाचं हाड सापडायचं राहिलं असेल तर राहू दे. अगदीच आणायचं असेल तर भुताच्या खोलीत इन्सेन्स, म्हणजे धूप, पेटवा, त्याने ९० सेकंद हंट होत नाही, तेवढ्यात एकाने जाऊन आणायचं आणि बाकीच्यांनी व्हॅनमध्येच बसायचं.