रक्तातले कीटकनाशकांचे अंश मोजताना या चुका टाळा

डीडीटी, डिल्ड्रिन यांसारखी क्लोरीनयुक्त कीटकनाशके वापर थांबल्यावरही वर्षानुवर्षे शरीरातल्या चरबीत मुरून राहतात. रक्तात त्यांचा फिरता अंश फार थोडा, मिलिलिटरमागे नॅनोग्रॅमच्या घरात. एवढ्याशा मापात चूक शिरायला भरपूर वाव असतो आणि बऱ्याच चुका नमुना यंत्रात (गॅस क्रोमॅटोग्राफ, म्हणजे वायुरूप घटक वेगळे करून मोजणारे यंत्र) जाण्याआधीच होऊन गेलेल्या असतात.

आधी तपासणी तरी बरोबर निवडली आहे ना, ते पाहा. फवारणीनंतर उलट्या, घाम, धाप अशी लक्षणे असलेल्या माणसाचे रक्त या तपासणीला पाठवण्यात अर्थ नाही. अशा विषबाधेत बहुधा सापडणारी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके रक्तात फार काळ टिकत नाहीत. तिथे कोलिनएस्टरेझ (या कीटकनाशकांनी मंदावणारे रक्तातले विकर) तपासतात, लघवीतले विघटित घटक पाहतात, आणि उपचार अहवालासाठी थांबत नाहीत.

चरबी न मोजणे

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ही रसायने रक्तातल्या स्निग्ध पदार्थांसोबत फिरतात, त्यामुळे स्निग्धांश वाढला की आकडाही वाढतो. समजा दोघांच्या सीरममध्ये (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात) डीडीई, म्हणजे डीडीटीच्या विघटनातून बनणारा घटक, मिलिलिटरमागे 3 नॅनोग्रॅम आहे. एकाचा एकूण स्निग्धांश लिटरमागे 6 ग्रॅम, दुसऱ्याचा 9. पहिल्याच्या चरबीत ग्रॅममागे 500 नॅनोग्रॅम डीडीई निघते, दुसऱ्याच्या सुमारे 333. कच्चा आकडा सारखा, शरीरातला साठा मात्र वेगळा.

म्हणून रक्त उपाशीपोटी घ्या आणि त्याच नमुन्यातून कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइड मोजा. एक प्रचलित सूत्र असे: कोलेस्टेरॉलला 2.27 ने गुणा, त्यात ट्रायग्लिसराइड आणि 62.3 मिळवा. सगळे डेसिलिटरमागे मिलिग्रॅममध्ये. अहवालात दोन्ही आकडे द्या, चरबीनुसार काढलेला आणि कच्चाही. गरोदरपणात स्निग्धांश वाढतो, झपाट्याने वजन घटले तर चरबीतला साठा रक्तात उतरतो, आणि स्तनपानातून तो काही प्रमाणात बाहेर जातो. या तीन गोष्टी नोंदवहीत नसतील, तर पुढे दोन माणसांची तुलना कशाच्या जोरावर करणार?

ट्यूबवर आंधळा विश्वास

रबरी बूच आणि प्लास्टिकमधून उतरणारे थॅलेट (प्लास्टिक मऊ करणारी रसायने) इलेक्ट्रॉन-कॅप्चर डिटेक्टरवर, म्हणजे यंत्रातल्या क्लोरीनयुक्त रसायने टिपणाऱ्या भागावर, खोटे पीक (आलेखावरचा उंचवटा) दाखवू शकतात. त्याच खेपेच्या रिकाम्या ट्यूबा सगळ्या प्रक्रियेतून नेऊन ब्लँक, म्हणजे नमुन्याविना येणारा आकडा, काढा. काचसामान भट्टीत तापवा किंवा हेक्झेन या द्रावकाने धुवा. ब्लँकमध्ये पीक दिसले तर नुसती वजाबाकी करून पुढे जाऊ नका. ते कुठून आले ते शोधा.

अर्क स्वच्छ करताना होणारा नाश

सीरममधून काढलेल्या अर्कातली चरबी जाळायला तीव्र सल्फ्युरिक आम्ल सोयीचे पडते. डीडीई आणि बीटा-एचसीएच (लिंडेनच्या कुळातले रसायन) त्यात टिकतात. डिल्ड्रिन, एंड्रिन आणि हेप्टाक्लोर इपॉक्साइड नष्ट होतात. मग अहवालात ‘डिल्ड्रिन आढळले नाही’ असे छापून येते. ते खरे तर आपणच घालवलेले असते! अशा घटकांसाठी फ्लोरिसिल किंवा सिलिका जेल या गाळणाऱ्या भुकट्यांनी भरलेला कॉलम वापरा. नायट्रोजनच्या झोतात अर्क पार कोरडा केला तर हेक्झाक्लोरोबेंझिन उडून जाते, म्हणून तळाशी थोडे द्रावक राहू द्या. कार्बन-13 ने खूण केलेले अंतर्गत मानक (मोजून घातलेले तेच रसायन) सीरममध्ये अगदी सुरुवातीला घाला, शेवटी नव्हे. वाटेत किती गळती झाली हे त्यावरूनच कळते.

इंजेक्टरमध्ये फुटणारे डीडीटी

लायनर (यंत्रात नमुना सोडण्याच्या भागातली, म्हणजे इंजेक्टरमधली, काचनळी) मळला की गरम इंजेक्टरमध्ये डीडीटी फुटते आणि त्यातून डीडीई व डीडीडी तयार होतात. डीडीटीच्या तुलनेत डीडीई जास्त असणे हे सहसा जुन्या संपर्काचे लक्षण मानतात. म्हणजे मळकट लायनरमुळे कालपरवाचा संपर्क जुना भासू शकतो. दर तुकडीआधी डीडीटी आणि एंड्रिन यांचे मानक द्रावण सोडून पाहा. कोणाचेही विघटन 15 टक्क्यांच्या वर गेले तर लायनर बदला, यंत्रातल्या कॉलमचे (घटक वेगळे करणाऱ्या लांब नळीचे) पुढचे टोक कापा, आणि मगच नमुने लावा.

एकाच कॉलमवरच्या पीकवर निकाल देऊ नका. पीसीबी या क्लोरीनयुक्त औद्योगिक रसायनांचे काही प्रकार त्याच वेळेला बाहेर पडतात. वेगळ्या प्रकारच्या दुसऱ्या कॉलमवर किंवा मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणूच्या वस्तुमानावरून ओळख पटवणाऱ्या यंत्रावर) खात्री करा. शोधमर्यादेखालच्या (यंत्राला टिपता येणाऱ्या किमान प्रमाणाखालच्या) निकालाला शून्य लिहू नका. मर्यादा किती होती ते लिहा.

अहवाल हातात देताना

अंश सापडला म्हणजे आजार झाला, असे नाही. डीडीईचा अमुक आकडा ओलांडला की उपचार सुरू करा, अशी सर्वमान्य रेषा नाही, आणि ‘शरीरशुद्धी’च्या गोळ्यांनी हा साठा निघून जातो याला आधार नाही. वयानुसार साठा वाढत जातो, त्यामुळे तुलना समवयस्कांशीच करा. अंगावर पाजणाऱ्या आईला अहवाल देताना तर हे समोर बसून समजावून सांगा, आणि केवळ या आकड्यावरून बाळाचे दूध तोडू नका, हेही त्याच भेटीत सांगा.