‘ज्युलियस सीझर’चा अभ्यास कसा करावा

ठाणे आणि नवी मुंबईतील काही इंग्रजी माध्यमाच्या शाळांत वरच्या वर्गांना शेक्सपिअरची शोकांतिका नेमलेली असते, आणि घरी मराठी बोलणाऱ्या मुलांना तिची भाषा पहिल्याच पानावर अडवते. मग नाटक बाजूला राहते आणि गाइड पाठ होऊ लागते. गाइड टाकाऊ असते असे नाही. पण ते मुख्यतः कथानक सांगते, आणि या नाटकात कथानक हा सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे. १५९९ साली ते लंडनच्या रंगभूमीवर आले, तेव्हा रोमचा सत्ताधीश सीझर याचा खून होणार हे शिकलेल्या प्रेक्षकाला आधीच ठाऊक होते. शेक्सपिअरने कथाही प्लुटार्क या प्राचीन ग्रीक लेखकाच्या चरित्रांच्या इंग्रजी भाषांतरातून घेतली होती. म्हणून अभ्यास करताना ‘पुढे काय झाले’ हा प्रश्न लवकर मिटवून टाकावा आणि ‘हे कोणी ठरवले, व कोणाचे न ऐकता ठरवले’ हा प्रश्न हाती धरावा.

पहिले वाचन मोठ्याने करावे. चार-पाच मित्रमैत्रिणींनी सोसायटीच्या गच्चीवर किंवा कोणाच्या घरी बसून भूमिका वाटून घ्याव्यात आणि एक अंक न थांबता वाचून काढावा. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारून पुढे जावे. ठाणे-वाशी लोकलने शाळेला किंवा क्लासला जाणाऱ्यांना बसायला जागा मिळालीच, तर पुस्तक उघडे ठेवून कानाला ध्वनिमुद्रण लावता येते, आणि तेही चांगले वाचनच आहे. बहुतेक ओळी दहा अक्षरावयवांच्या (सिलेबलच्या) असून त्यांत पाच आघात येतात. हे छंदाचे नियम म्हणून पाठ करण्यापेक्षा बोटाने ताल धरून वाचले की कोणती ओळ अडखळते ते आपोआप कानाला कळते. टिपा असलेली आवृत्तीच घ्यावी; टिपा मात्र दुसऱ्या वाचनाच्या वेळी पाहाव्यात.

दुसऱ्या वाचनात वहीचे एक पान फक्त ब्रूटससाठी, म्हणजे सीझरचा मित्र असूनही खुनाच्या कटात सामील होणाऱ्या माणसासाठी, ठेवावे. सीझरबरोबर त्याचा निष्ठावंत साथीदार अँटनी यालाही संपवावे, असे कटाचा सूत्रधार कॅशिअस म्हणतो. ब्रूटस नकार देतो. अँटनीला प्रेतापुढे बोलू देऊ नये, असे कॅशिअस बजावतो. ब्रूटस परवानगी देतो. खुनानंतरच्या युद्धात शत्रूला, म्हणजे अँटनीच्या बाजूच्या सैन्याला, आपल्यापर्यंत येऊ द्यावे, असे कॅशिअसचे मत असते. ब्रूटस फिलिपाय या शेवटच्या रणभूमीकडे कूच करायला लावतो. तिन्ही वेळा ब्रूटसचा हेतू उदात्त असतो आणि तिन्ही वेळा अंदाज कॅशिअसचा बरोबर ठरतो. ही नोंद नीट झाली, तर शोकांत नायक कोण, या ठरलेल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर हाती येते, कारण ज्याच्या नावाचे नाटक आहे तो सीझर तिसऱ्या अंकाच्या पहिल्याच प्रवेशात मरतो आणि उरलेला डोलारा ब्रूटसच्या निर्णयांवर कोसळतो.

सर्वाधिक वेळ द्यावा तो तिसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशाला, म्हणजे खुनानंतर लोकांपुढे होणाऱ्या दोन भाषणांना. ब्रूटस गद्यात बोलतो: तोलून मापून, कारणे देत. लोक खूश होतात आणि गर्दीतला एक नागरिक ओरडतो की यालाच सीझर करा. ज्याने कोणी सीझर होऊ नये म्हणून खून केला, त्याला लोक सीझर करायला निघाले आहेत. त्याचे बोलणे त्यांना समजलेलेच नाही. ही एक ओळ बरेच विद्यार्थी गर्दीचा गोंगाट समजून वगळतात, हे मला नेहमी खटकते. त्यानंतर ब्रूटस काय करतो? लोकांना थांबून अँटनीचे ऐकायला सांगतो आणि स्वतः निघून जातो.

अँटनी पद्यात बोलतो. त्याच्या भाषणात ब्रूटसला ‘ऑनरेबल’ (सन्माननीय) म्हटले आहे ती प्रत्येक जागा खुणेने दाखवावी आणि प्रत्येक वेळी तो शब्द मोठ्याने म्हणावा. सुरुवातीला त्यात आदर ऐकू येतो; पुढे, सीझरने तीनदा मुकुट नाकारला, गरिबांसाठी अश्रू ढाळले, असे पुरावे मधे मधे येऊ लागतात, तसतसा तोच शब्द टोमणा होत जातो. सीझरच्या मृत्युपत्राचा डावही असाच पाहावा. अँटनी ते दाखवतो, वाचायला नकार देतो, खाली उतरून आधी सीझरचे रक्ताळलेले वस्त्र उलगडतो, आणि लोक जाळपोळ करायला धावत सुटल्यावर त्यांना परत बोलावून मृत्युपत्राची आठवण करून देतो. प्रत्येक नागरिकाला ७५ द्राख्मा (चांदीची नाणी) मिळणार, हे तेव्हा कळते.

वस्त्र दाखवताना अँटनी एकेका भोकावर बोट ठेवून इथे कॅशिअसचा खंजीर घुसला, इथे कटातल्याच कास्काचा, असे सांगतो. आता मागे जाऊन खुनाचा प्रवेश उघडावा: कटातील ट्रेबोनिअसने अँटनीला आधीच बाहेर नेलेले असते. त्याने वार पाहिलेलेच नाहीत. पुढे चौथ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात हाच अँटनी मृत्युपत्रातील देणग्या कशा कापता येतील, याचा विचार करताना दिसतो. असे दोन प्रवेश एकमेकांसमोर ठेवायची सवय लागली, की व्यक्तिरेखेवरचे उत्तर विशेषणांवर निभवावे लागत नाही.

शोकांतिका ही कल्पना आपल्याला नवी नाही. ठाण्यातील नाट्यगृहाला ज्यांचे नाव आहे, त्या राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तील सुधाकर हा बुद्धिमान वकील, सनद रद्द झाल्याच्या अपमानातून तो दारूकडे वळतो आणि पत्नी सिंधूसह सारे घर उद्ध्वस्त करतो. सुधाकरचा दोष मोहात आहे, ब्रूटसचा स्वतःच्या सचोटीवरील अंधविश्वासात. ही तुलना परीक्षेत लिहायची गरज नाही. मात्र घरी आजी-आजोबांशी अर्धा तास हा वाद घातला, तर वर्गातील चर्चेत बोलायला मुद्दे मिळतात.

उताऱ्यावरील प्रश्नांत कोण, कोणाला, कोठे बोलतो, हे एका वाक्यात संपवावे. दीर्घ उत्तरात मूळच्या आठ-दहा ओळी पाठ म्हणून उतरवण्यापेक्षा तीन-चार शब्दांचे अवतरण घेऊन ते याच क्षणी का उच्चारले गेले, हे लिहावे. सीझरची पत्नी कॅल्पर्निआ हिच्या स्वप्नाबद्दल लिहायचे असेल, तर रक्त ओतणाऱ्या सीझरच्या पुतळ्याचे वर्णन एका ओळीत उरकून कटातील डेशिअस त्याच स्वप्नाचा शुभ अर्थ कसा लावतो आणि सीझर त्याला का भुलतो, यावर उरलेली जागा खर्च करावी. उत्तर लिहून झाल्यावर प्रत्येक विधानासमोर अंक आणि प्रवेशाचा क्रमांक टाकून पाहावा. ज्या विधानासमोर क्रमांक टाकता येत नाही, ते बहुधा गाइडमधून आलेले असते, आणि ते खोडून त्याजागी नाटकातील प्रसंग घालावा.