एअर रायफलसाठी घरचा शूटिंग बेंच अन् रेतीच्या पिशव्या : शेतातल्या जुगाडात काय जमलं, काय फसलं

२०२४ ला पॅरिसमधी स्वप्निल कुसाळेनं ५० मीटर रायफलमधी ब्राँझ आणलं तेव्हापासून आमच्या इकडच्या पोट्ट्यांनाही टार्गेटचं वेड लागलं, दोघातिघांनी एअर रायफल घेतली अन् मग बांधावर बसून, पोत्यावर टेकून, बंडीच्या चाकावर ठेवून, जसं जमन तसं मारणं चालू. छर्रे कुठंबी जायचे अन् दोष बंदुकीला. खरं पाहिलं तर बंदूक चुकते का आपण, हे कळायलाच बेंच लागतो, म्हणजे बसून, बंदूक टेकवून मारायचं पक्कं टेबल. मॅचमधी १० मीटरला उभं राहूनच मारावं लागते, तिथं टेका नाही, पण साइट (नळीवरची निशाणा धरायची खूण) सेट करायला अन् कोणता छर्रा आपल्या नळीला मानवते ते पाहायला बेंचशिवाय पर्याय नाही.

आधी कायद्याचं. ४.५ मिमी म्हणजे पॉइंट १७७ बोअरची अन् २० ज्यूलच्या आतली एअरगन असन तर २०१६ च्या नियमानुसार लायसन लागत नाही, तरी बिल जपून ठेवा. अन् पाखरं, ससे, रोही (नीलगाय), डुक्कर यांच्याकडं नळी करायची नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, मग शेतात कितीही नासाडी करो.

जागा

पाठीमागं मातीचा उंच धुरा किंवा विहिरीच्या खोदकामाचा ढीग पाहिजे. छर्रा लहान दिसते पण दोन-तीनशे मीटर जाऊ शकते, म्हणून त्या दिशेला रस्ता, गोठा, पांदण काही नको. टार्गेटमागं लाकडी खोकं ठेवा, त्यात जुन्या कपड्यांच्या चिंध्या ठासून भरा अन् खोक्याच्या मागं लोखंडी पत्रा. मी पयले तुरीचं कुटार भरलं होतं, बाबांनी पाहिलं अन् लय बोलले, अन् बरोबरच बोलले, शिश्याचे छर्रे त्या कुटारात अन् उद्या कोणी तेच बैलापुढं टाकलं तर? त्याच दिवशी खोकं खाली केलं.

बेंच : तीनच पाय

माझा पयला बेंच चार पायांचा होता, वाढयाकडून गुण्या लावून एकदम सरळ करून घेतलेला. जूनचा पयला पाऊस आला अन् काळी माती फुगली, एक पाय खाली गेला, एक अधर, टेबल डुगडुग. उन्हाळ्यात भेगा पडल्या तेव्हा दुसरीच तऱ्हा. तीन पायांना हे दुखणं नाही, जमीन कितीही उंचखाल असो तिन्ही पाय टेकतातच, टेबल थोडं तिरपं होईल पण हलणार नाही. दोन पाय आपल्या बाजूला अन् एक टार्गेटच्या बाजूला, कारण कोपरांचं वजन आपल्याकडं पडते, उलटं केलं तर एका कोपऱ्यावर जोर दिला की टेबल कलंडते.

पायांना बाभूळ घ्या. बंडीचं मोडकं लाकूड पडलेलं असन तर तेच घ्या, वाळलेलं असते म्हणून पिळ खात नाही. ओली बाभूळ घेऊ नका, दोन महिन्यात सांधे ढिले होतात. जाडी तीन-चार इंच. वर १८ मिमी प्लाय, साधारण तीन फूट बाय चार फूट, अन् छातीसमोर अर्धगोल कापून काढायचा म्हणजे आपण टेबलात शिरून बसतो अन् दोन्ही कोपरं टेबलावर राहतात. उंची ३२ इंचाच्या आसपास, बसायला १८ इंचाचा स्टूल, पण हे माझ्या अंगाचं माप झालं, तुम्ही स्टूलवर बसून कोपर टेकवा अन् मान वाकडी न करता साइट डोळ्यासमोर येते का ते पाहूनच पाय कापा. स्टूल टेबलाला जोडू नका, श्वास घेतला तरी टेबल हलते.

खिळे मारू नका. नट-बोल्ट, दोन्हीकडून वायसर, अन् पायापायात तिरप्या पट्ट्या. सगळ्यात जास्त मेहनत या पट्ट्यांवर घ्या, वरची फळी कितीही चकाचक असली तरी काही कामाची नाही. झालं की वर पाण्यानं भरलेला गिलास ठेवा अन् कोपर टेकवा, पाणी डचमळत राहिलं तर अजून एक पट्टी ठोका.

पुढचा टेका अन् पिशव्या

पुढं लाकडाचा जड ठोकळा, त्यात १६ मिमीचा लांब बोल्ट उभा, वर यू आकाराची खाच, खाचेत पिशवी. बोल्ट फिरवून उंची कमीजास्त होते. पण बारीक निशाणा या बोल्टवर जमणार नाही, हिशेब करा : १६ मिमीच्या बोल्टचा एक आटा २ मिमी, पुढचा टेका अन् मागची पिशवी यात ६० सेंमी अंतर धरलं तर एका फेऱ्यात १० मीटरवर निशाणा ३३ मिमी सरकते, अन् अख्खं टार्गेट ४५.५ मिमीचं, मधला १० चा ठिपका तर अर्धा मिमी. म्हणून बोल्टनं अंदाजे आणायचं अन् बाकी मागची पिशवी डाव्या मुठीत दाबून. दाबली की बट (खांद्याला लागणारा मागचा भाग) वर, नळी खाली.

पिशव्यांना जुन्या जीन्सचा पाय झकास. आतून पोत्याच्या प्लास्टिकची थैली, नाहीतर रेती झिरपून बंदुकीत जाते. नाल्याची रेती पिठाच्या जुन्या चाळणीनं चाळा अन् मे महिन्यात टिनावर पसरवून दिवसभर वाळवा, आपल्याकडच्या उन्हाचा तेवढाच फायदा. मग दाभण-सुतळीनं शिवा. पुढची पिशवी ठासून, मागची जरा ढिली, मुठीत दबली पाहिजे. सरकी भरू नका, ती स्प्रिंगसारखी उसळते, अन् गहू-तांदूळ भरले तर दुसऱ्या दिवशी उंदरं हजर.

मारताना

स्प्रिंगवाली बंदूक असन तर ठोकळ्यावर किंवा कडक पिशवीवर डायरेक्ट ठेवू नका. छर्रा नळीतून निघायच्या आधीच ती मागं-पुढं उडी मारते, टेका जितका कडक तितकं ग्रुपिंग (छर्रे एकाजवळ एक लागणं) फाकते. पिशवीवर आपला तळहात, तळहातावर बंदूक, ट्रिगर गार्डच्या थोडं पुढं, दरवेळी तिथंच, वाटल्यास खुणेला टेप मारा. पकड सैल, तिला उडू द्या. हवा भरायच्या पीसीपीला हे नखरे नाहीत, ती सरळ पिशवीवर चालते.

पाच-पाच छर्रे मारा, दोन टोकाच्या भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजा, त्यातून ४.५ मिमी वजा, तो तुमचा ग्रुप. छर्ऱ्यांचा डबा बदलून परत तेच. डोळ्यावर चष्मा लावा, अन् उठल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नका, शिसं आहे ते.

बेंच ताडपत्रीखाली राहिला तरी चालते, पिशव्या मात्र घरात आणा, पावसात ओली झालेली रेती दिवाळीपर्यंत वाळत नाही.